न लागलेली लाथ

घोडी मेली ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले होते. तिच्यातलं शिंगरू भेटलं ते मार्गशीर्षात, भोरच्या पुढे वरंध घाटाच्या वाटेवर. धनगरांचा वाडा कोकणात उतरत होता. घोडीच्या पाठीवर घोंगड्या, मेंढरं कोंडायच्या जाळीची, म्हणजे वाघरीची, गुंडाळी, पातेली आणि सगळ्यांत वर पाय बांधलेल्या कोंबड्या. पाण्याला थांबल्याबरोबर जवळजवळ तिच्याच उंचीचं एक शिंगरू पुढचे पाय फाकून, मान वाकडी करून तिच्या पोटाखाली शिरलं. एवढं मोठं झालं आणि अजून पितंय! मी गाडी बाजूला घेतली.

त्याआधी वर्षभर एक आवाज कानात बसला होता. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर पाच महिन्यांची शिंगरं एका दुपारी आयांपासून तोडली होती. रात्रभर दोन्हीकडून खिंकाळणं. सकाळी एक घोडी कुंपणालगत येरझाऱ्या घालत होती, कासेतून दूध ठिबकत होतं. ‘तीन-चार दिवसांत विसरतात,’ असं तिथला माणूस म्हणाला. विसरतही असतील. पण अशा ताटातुटीनंतर लाकूड चावत राहायची खोड एखाद्याला जन्माची लागते, ती कुठून येते मग?

संध्याकाळी तळ पडला, मेंढरं वाघरीत गेली, चूल पेटली. चुलीपाशी बसलेल्या बाईंना मी विचारलं, “मावशी, याचं दूध कधी तोडणार?”

“आमी कशाला तोडतोय? तिची तीच तोडती. अकरा म्हैनं पोटात, अकरा म्हैनं कासंला.”

अकरा. घोडी गाभण राहते अकरा महिने. व्याल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते आणि तेव्हाच लागली तर पुढचं शिंगरू वर्षाच्या आत हजर. त्याच्या चिकासाठी कास राखायची म्हणून काही आठवडे आधीपासून ती मोठ्याला झिडकारू लागते. गाभण नसेल तर वर्ष उलटलं तरी पाजते. मावशीचे अकरा गाभण राहिलेल्या घोडीचे.

झिडकारणं त्या संध्याकाळी मी आठ-दहा वेळा पाहिलं. शिंगरू जवळ आलं की घोडीचे कान मागे. तरी शिरलं तर शेपटीचा फटका. तरीही तोंड लावलंच तर मागचा पाय उचलला जायचा आणि दर वेळी माझा श्वास अडकायचा. बरगडी मोडेल अशी ती टाप त्याच्या अंगापासून चार बोटांवर थांबायची, मग हळूच जमिनीवर यायची. शिंगरू बाजूला होऊन गवत ओढायचं. गवताची ओळख त्याला अगदी पहिल्या आठवड्यापासूनची. तेव्हा ते तासाला चार-पाचदा प्यायचं. आता कासेशी येणं भुकेचं कमी, सवयीचं जास्त.

वाड्यावर या सगळ्याचं कुणाला कौतुक नाही. मोकळं शिंगरू आईमागं चालतं, दावं लागत नाही, वाट आपोआप पाठ होते. सोय आहे ती. आणि घोडी? पोटात एक, कासेला एक, पाठीवर संसार. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. भीमाकाठच्या या तट्टांची 2024 मध्ये ‘भीमथडी’ म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली, हे मी मावशीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “मग सरकार खुराक देनार व्हय?”

त्या उचललेल्या पायासाठीच माघात पुन्हा गेले. वाडा महाडच्या बाजूला होता. घोडीचं पोट खाली उतरलेलं. “अकरा भरलं,” मावशी म्हणाली. शिंगरू चरत चरत आईजवळ आलं, पोटाखाली नाक नेऊन हुंगलं आणि पुन्हा गवताकडे वळलं. घोडीनं कानही हलवला नाही.

त्याच्या पाठीवर रिकामी गोणी टाकलेली होती, ओझ्याची सवय व्हावी म्हणून. ते सारखं मान वळवून ती हुंगत होतं.