आतड्याचा विकार आणि दात्याचा पैसा

आतड्याच्या विकाराविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. हृदयविकाराचा रोगी आपली हकीकत रंगवून सांगतो. परंतु दिवसातून दहा वेळा शौचास धावणारा, रक्त पडत असलेला आणि एसटीत पाय ठेवण्यापूर्वी गाडी कोठे कोठे थांबते याची चौकशी करणारा तरुण मूग गिळून बसतो, आणि ज्या दुःखाचा उच्चारच होत नाही त्याच्यासाठी वर्गणी तरी कोण काढणार?

आतड्याला दीर्घकाळ सूज व व्रण आणणारे हे विकार मुख्यतः दोन: मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि अन्नमार्गात कोठेही उद्भवून भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरणारा क्रोन्स. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी १९३२ साली १४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नावे वर्णानुक्रमे लागली म्हणून रोगाला क्रोन यांचे नाव चिकटले, एवढेच. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर का उलटते, याचा पुरता उलगडा मात्र अद्याप झालेला नाही.

सरकारी अनुदानाची दरखास्त मंजूर व्हायची तर प्राथमिक पुरावा जोडावा लागतो, तो गोळा करायलाच पैसा लागतो, आणि औषधकंपनी तर बाजार दिसल्यावाचून तिजोरी उघडत नाही. या दोहोंमधली जागा भरून काढण्यासाठी १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये मॉडेल व रोझेंथल या कुटुंबांनी डॉ. हेन्री जॅनोवित्झ यांच्या साहाय्याने एक धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन केले. रोग घरातच होता. पुढे २००१ साली धनाढ्य एली ब्रॉड यांनी, मुलाला क्रोन्स असल्यामुळे, नवख्या व अजून न पारखलेल्या कल्पनांना अनुदान देणारी योजना काढली. सावध माणसाला हा उधळेपणा वाटेल, मला तो शहाणपणाचा व्यवहार वाटतो.

कारण कोणत्या संशोधनाला कोठे फळ धरेल, याचा आडाखा बांधता येत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात यान व्हिल्चेक व जुनमिंग ले यांनी एका कंपनीच्या सहकार्याने टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड तयार केले, तेव्हा नजर होती रक्तात भिनणाऱ्या जंतुदोषावर. तेथे ते निष्फळ ठरले, आणि तेच प्रतिपिंड इन्फ्लिक्सिमॅब या नावाने १९९८ साली अमेरिकेत क्रोन्सवरील औषध म्हणून मान्य झाले. सर्वांना ते लागू पडत नाही, काहींवरचा असर कालांतराने ओसरतो. तरी चेकोस्लोव्हाकियातून निर्वासित होऊन आलेल्या व्हिल्चेक यांनी त्याच्या स्वामित्वधनातून २००५ साली विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला साडेदहा कोटी डॉलरांची देणगी दिली, ही गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे.

दात्यांना इमारत प्रिय, कारण तिच्यावर पाटी बसते. दुर्बिणीतून काढलेला, तांदळाच्या कणीएवढा आतड्याचा तुकडा उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षे जपणारे शीतकपाट, त्याचे वीजबिल, रोग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाचा पगार, या बाबींवर पाटी बसत नाही; संशोधन मात्र त्यांच्यावाचून अडते.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारे व्रण, कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखालचे चित्रही इतके मिळतेजुळते असते की, निदान ठरेना तेव्हा आधी क्षयाची औषधे देऊन गुण येतो का ते पाहिले जाते. उलट क्षय असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर क्षय भडकतो. पाश्चात्त्य देशांत आतड्याचा क्षय विरळा, तेव्हा तेथील प्रतिष्ठानांनी हा प्रश्न अग्रक्रमाने का हाती घ्यावा? तो येथल्या रोग्यांच्या नमुन्यांवर, बव्हंशी येथल्याच पैशाने सोडवावा लागेल. म्हणून देणगीदाराने पावतीवर आयकराची सवलत मिळते की नाही एवढीच चौकशी न करता, संस्थेने गतवर्षी कोणत्या संशोधनाला किती रक्कम दिली आणि नमुने कोठे ठेवले आहेत, हेही विचारावे.