आधीच भरलेली शिदोरी

समजा, म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या अशोका रोडवरच्या दुकानाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. सर्व्हर बदलला की सगळे प्लगइन पुन्हा एकेक करून बसवा!

२०१३ साली आलेल्या डॉकर या साधनामुळे हा व्याप टळतो. त्यात लागणारे सॉफ्टवेअर एका ‘इमेज’मध्ये बांधून ठेवतात आणि ती इमेज चालवली की तिचा ‘कंटेनर’ होतो. इमेज बांधतानाच प्लगइन आत भरता येतात.

मेख आहे ती जागेची. वर्डप्रेसची अधिकृत डॉकर इमेज मूळ फायली एका वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि कंटेनर पहिल्यांदा सुरू होताना त्या साइटच्या फोल्डरात उतरवते. म्हणून प्लगइनही त्या मूळ फायलींसोबतच ठेवलेले बरे. साइट आधीपासून चालू असेल, तर ही नक्कल होतच नाही. नवी इमेज आणूनही प्लगइन जुनेच राहतात आणि माणूस डोके खाजवत बसतो.

शिवाय प्लगइन आत असला तरी चालू नसतो. कोणता प्लगइन चालू आहे, ही नोंद डेटाबेसमध्ये असते.