अर्धेच ऐकलेले बोलणे

घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. घरच्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. पण ऐकणारा परभाषेचा असेल, तर तो बुचकळ्यात पडेल. हा तर निघाला, मग 'येतो' काय म्हणतो? अशा घोटाळ्याने आपल्याकडे फार तर हसू होते. विमानाच्या कामात मात्र एकदा अशाच घोटाळ्यात ५८३ माणसे गेली.

विमान उडण्याआधी एका लांब, सरळ, पक्क्या रस्त्यावरून जोरात धावते. त्या रस्त्याला धावपट्टी म्हणतात. एक विमान धावत असताना दुसरे तिथे असता कामा नये. म्हणून विमानतळावर उंच मनोरा असतो. तिथे बसलेला नियंत्रक बिनतारी यंत्रावरून वैमानिकांशी बोलतो. थांबा, पुढे या, आता उडा, हे सारे तोच सांगतो. त्याच्या परवानगीवाचून उडायचे नाही, असा नियम आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ स्पेन देशाची काही बेटे आहेत. त्यांतल्या तेनेरीफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी ही गोष्ट घडली. त्या दिवशी शेजारच्या बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटला. तिकडे जाणारी विमाने तेनेरीफला उतरवली. हा विमानतळ लहान, धावपट्टी एकच. जत्रेत बैलगाड्यांची व्हावी तशी विमानांची दाटी झाली. बाजूची वाट अडली. मग निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच तिच्या टोकाला जावे लागे.

संध्याकाळी निघायची वेळ झाली, तर दाट धुके आले. हॉलंडचे एक विमान टोकाला जाऊन, तोंड फिरवून उभे राहिले. त्याच्या मागोमाग अमेरिकेचे एक विमान त्याच पट्टीवरून सावकाश येत होते. त्याला मध्येच एका वाटेने बाहेर पडायचे होते. ती वाट धुक्यात चुकली. दोन्ही विमाने प्रचंड, जंबो जातीची. त्यांना एकमेकांचे काही दिसत नव्हते. मनोऱ्यावरून नियंत्रकालाही दिसत नव्हते. सगळी मदार बोलण्यावर! आणि बोलायचे इंग्रजीत. नियंत्रक स्पेनचा, एक वैमानिक हॉलंडचा, दुसरा अमेरिकेचा.

नियंत्रकाने हॉलंडच्या विमानाला, वर गेल्यावर कोणत्या वाटेने जायचे ते सांगितले. ही वाटेची परवानगी होती, उडण्याची नव्हे. दुय्यम वैमानिकाने ती परत म्हणून दाखवली. शेवटी म्हणाला, "आम्ही आता टेक-ऑफवर." टेक-ऑफ म्हणजे उड्डाण. पण याचा अर्थ काय घ्यायचा? उडायला तयार आहोत, की उडायला निघालो? नियंत्रकाला वाटले, तयार आहेत. तो म्हणाला, "ओके." जरा थांबून पुढे म्हणाला, "टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगेन."

नेमका त्याच क्षणी अमेरिकेचा वैमानिक बोलला, "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत." आता बिनतारी यंत्राची एक खोड आहे. दोघे एकदम बोलले, की कोणाचेच धड ऐकू येत नाही, नुसती शिट्टी वाजते. हॉलंडच्या विमानात तेवढे 'ओके' स्पष्ट पोचले. बाकीचे शिट्टीत बुडाले. विमान तर धावायलाही लागले होते.

'ओके' म्हणजे आपले 'बरं'. 'बरं' म्हणजे 'ऐकलं', आणि 'बरं' म्हणजे 'कर' असेही!

त्याच विमानातल्या यंत्रज्ञाला शंका आली. त्याने विचारले, "ते विमान बाहेर पडलं नाही का?" मुख्य वैमानिक मोठ्या मानाचा, इतरांना शिकवणारा. तो ठामपणे म्हणाला, "पडलं की." यंत्रज्ञ गप्प बसला. मला तर या हकिगतीत हीच जागा सर्वांत चटका लावते. विचारणाऱ्याने बरोबर विचारले होते.

थोड्याच सेकंदांत धुक्यातून समोर विमान दिसले. थांबायला वाव उरला नव्हता. हॉलंडच्या विमानातले सर्व २४८ जण गेले. अमेरिकेच्या विमानातले ३३५ गेले, ६१ वाचले.

यानंतर बोलण्याची रीत कडक झाली. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उडण्याची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरतात. एरवी 'डिपार्चर', म्हणजे 'निघणे', म्हणायचे. नुसत्या 'ओके'वर भागत नाही. हाताखालच्या माणसाने शंका बोलून दाखवावी आणि वरच्याने ती ऐकावी, हेही वैमानिकांना शिकवतात.

मुंबईच्या विमानतळावरही आज हीच रीत आहे. नियंत्रक धावपट्टीचा नंबर किंवा उंचीचा आकडा सांगतो. वैमानिक तोच परत म्हणून दाखवतो. नियंत्रक कान देऊन ऐकतो. एक आकडा जरी चुकला, तरी लगेच 'निगेटिव्ह', म्हणजे 'नाही', म्हणतो आणि पुन्हा सांगतो.