गंजलेल्या जुन्या पिकअपचे मोल

दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेच्या डाव्या तीरावर मयूर विहार ही वसाहत आहे. तिच्या एका अंगास नदीचे खादर, म्हणजे पुराच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन, आणि दुसऱ्या अंगास थोड्याच अंतरावर उत्तर प्रदेशातील नोएडा. अशा वसाहतीतील एखाद्या भिंतीलगत पन्नास वर्षांपूर्वीची एक छोटी मालवाहू गाडी उभी आहे अशी कल्पना करू. तिच्या चाकांतील हवा गेली आहे, हौद्यात पिंपळाचे रोप उगवले आहे, आणि मूळचा रंग कोणता होता हे केवळ दाराच्या आतल्या बाजूस पाहूनच कळते. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘ही आता दुर्मिळ वस्तू झाली.’ भंगारवाला म्हणतो, ‘लोखंडाचा भाव देतो.’ या दोघांपैकी खरे कोणाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या उत्तरात रसायनशास्त्र आहे, कायदा आहे आणि थोडे अंकगणितही आहे.

प्रथम ही गाडी आली कोठून ते पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास मोटारी जोडण्याचा उद्योग आपल्याकडे मुख्यतः मुंबईत उभा राहिला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, डिसोटो व फार्गो या नावांची वाहने बाहेर पडली. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईतच विलिज जीप जोडण्यास आरंभ केला, व पुढे 1960 च्या दशकात जीपच्याच घटकांवर आधारलेली, चालकाची खोली यंत्राच्या वर बसविलेली ‘एफसी’ मालेतील मालगाडी काढली. आपल्या कल्पनेतील गाडी या शेवटच्या जातीची असून ती 1973 साली नोंदली गेली, असे धरून चालू. त्या काळी या गाड्यांकडे कोणी कौतुकाने पाहत नसे. त्यांनी भाजी, विटा आणि दुधाचे कॅन वाहिले व झिजून त्या संपल्या. म्हणूनच ज्या थोड्या उरल्या त्यांस आज विचारणा आहे. मात्र दुर्मिळ वस्तू आणि मौल्यवान वस्तू या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता गंजाकडे वळू. लोखंडास पाणी व प्राणवायू ही दोन्ही मिळाली म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत्घट तयार होतात. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरतात. शेजारच्या दुसऱ्या ठिकाणी ते इलेक्ट्रॉन प्राणवायू व पाण्याकडून स्वीकारले जातात. या देवघेवीतून अखेर तांबूस रंगाचा जलयुक्त आयर्न ऑक्साइड तयार होतो, त्यासच आपण गंज म्हणतो. पाण्यात मीठ असेल तर विद्युत्प्रवाह सुलभ होतो व क्रिया झपाट्याने वाढते. याच कारणाने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची गाडी दहा वर्षांत जितकी खंगते, तितकी दिल्लीची खंगत नाही. दिल्लीचा उन्हाळा कोरडा असतो. पण तेथील पावसाळा आणि हिवाळ्यातील धुक्याच्या रात्री मात्र दुर्लक्षिण्याजोग्या नव्हेत.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो पाचरीसारखा फुगतो आणि सांधा उचकटतो. उघड्या पृष्ठभागावरील तांबडा मुलामा पाहून माणूस घाबरतो. परंतु खरा घात सांध्यांत, बंद पोकळ्यांत, पायाखालच्या पत्र्यात आणि हौद्याच्या कोपऱ्यांत चाललेला असतो. जुलै 1923 नव्हे, अगदी अलीकडच्या जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी दिल्लीच्या जुन्या लोहमार्ग पुलाशी 208.66 मीटरवर गेली होती, आणि खादरातील कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्यांच्या कडेस तंबूंत राहिली होती. अशा पुराचे पाणी ज्या गाडीत शिरले असेल तिच्या पोकळ भागांत नदीचा गाळ राहून जातो. तो गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

येथे कोणी विचारील की, दिल्लीतच मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, तो का गंजत नाही? त्यावरही गंज आहेच, पण तो अतिशय पातळ व घट्ट आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच अधिक असल्याने पृष्ठभागावर एक संरक्षक थर बसला, असे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनाने दाखविले. शिवाय तो स्तंभ कित्येक टन वजनाचा भरीव लोखंडी खांब आहे. मोटारीचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असतो व त्याचा गंज सच्छिद्र असून पापुद्र्यांनी सुटतो. खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि क्रिया पुढे चालू राहते.

परीक्षा कशी करावी? त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक लहान हातोडी, एक दाभण, एक लोहचुंबक आणि विजेरी पुरे. गाडी उचलून खाली शिरावे व चासीच्या दोन्ही लांब तुळयांवर हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. जेथे आवाज बदलतो तेथे दाभण टोचावा. तो आत गेला तर तेथे लोखंड नाही, केवळ लोखंडाची आठवण आहे. स्प्रिंगचे पाटे जेथे चासीस जोडलेले असतात ती जागा सर्वांत महत्त्वाची, कारण सारा भार तेथून चाकांवर उतरतो. लोहचुंबक मडगार्डावरून फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे. ब्रेकच्या नळ्या बाहेरून स्वच्छ दिसल्या तरी त्यांवर विश्वासू नये. ब्रेकचा द्रव हवेतील ओल शोषून घेतो व नळी आतून गंजते.

यंत्राविषयी लोकांस उगाच अधिक धास्ती असते. दट्टे अडकून बसले असले तरी सिलिंडरमध्ये तेल सोडून काही दिवस वाट पाहिल्यावर ते पुष्कळदा सुटतात. आणि न सुटले तरी जीपच्या जातीचे यंत्र दुरुस्त करणारे कारागीर आजही मिळतात. यंत्र काढून खाली ठेवता येते. चासीचे तसे नाही, तिच्यावरच सारी गाडी उभी असते.

चासीशी आणखी एक गोष्ट निगडित आहे, ती म्हणजे तिच्यावर ठोकलेला क्रमांक. तो नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी जुळला पाहिजे. गंजाने ते अंक खाऊन टाकले असतील तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने कोण आहे हेच सिद्ध करणे कठीण होते. म्हणून तारेच्या ब्रशने खरवडण्यापूर्वी ती जागा हळुवार हाताने तेल लावून पुसावी. घाईने केलेल्या सफाईत अंकही जातात.

कायद्याचा भाग दिल्लीत विशेष कडक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2014 साली पंधरा वर्षांवरील वाहनांस, व 2015 साली दहा वर्षांवरील डिझेल वाहनांस दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती मनाई कायम ठेवली. ऑगस्ट 2025 मध्ये केवळ वयावरून कारवाई करू नये असा अंतरिम आदेश निघाला, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते संरक्षण भारत-चार व त्यापुढील उत्सर्जन मानकांच्या वाहनांपुरतेच राखले गेले. 1973 च्या गाडीस असे कोणतेच मानक लागू नव्हते. बरे, गाडी ढकलत पलीकडे नोएडास नेली तरी उपयोग नाही, कारण तेही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती क्षेत्राबाहेर न्यावी लागते. साताऱ्यात तीच गाडी तंदुरुस्तीची तपासणी करून पुन्हा नोंदता येण्याची शक्यता असते. म्हणजे लोखंड तेच, गंज तोच, पण जागा बदलली की किंमत बदलते. ही गोष्ट खरेदीदारास ठाऊक असते आणि विकणाऱ्यास बहुधा नसते.

यावर काहीजण 2021 च्या नियमांकडे बोट दाखवितात. त्या वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनास वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांची विशेष नोंदणी मिळते, आणि प्रदर्शन, संशोधन, रॅली अशा कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते. आपली गाडी 2023 मध्येच पन्नास वर्षांची झाली. तथापि नियमाची भाषा नीट वाचली पाहिजे. त्यात दुचाकी आणि चारचाकी प्रवासी वाहने यांचा वर्ग सांगितला आहे, व वापर खाजगीच असावा अशी अट आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्या वर्गात सहज बसत नाही. तेव्हा गाडी पाहण्याआधी तिचे नोंदणीपुस्तक पाहावे. त्यातील एक शब्द मडगार्डाच्या साऱ्या गंजाहून अधिक महाग पडू शकतो. याच नियमांत, वाहन मूळ स्वरूपात असावे व चासी, सांगाडा किंवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा, असेही म्हटले आहे. कुजलेली चासी बदलावी तर मूळपण जाते. न बदलावी तर गाडी चालविणे धोक्याचे. संग्राहकांची सारी चर्चा या एका पेचाभोवती फिरते.

आता अंकगणित. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत. गाडीत 1,200 किलो पोलाद आहे आणि भंगाराचा भाव किलोस 30 रुपये आहे असे समजू. भंगाराचे मोल 36,000 रुपये झाले. पूर्ण दुरुस्त होऊन कागदपत्रे सुरळीत असलेली अशी गाडी 6,00,000 रुपयांस जाते असे धरू. चासी निरोगी असेल तर दुरुस्तीस 4,50,000 रुपये लागतील, म्हणजे 1,50,000 रुपये पदरी पडतील. चासी कुजलेली निघाली तर खर्च 7,00,000 वर जाईल, म्हणजे 1,00,000 रुपयांची खोट. दोन्ही शक्यता सारख्याच असतील, तर डोळे मिटून दुरुस्तीस हात घालणाऱ्याची सरासरी प्राप्ती अवघी 25,000 रुपये येते. ती भंगाराच्या भावाहूनही कमी! म्हणजे न पाहता बोलणाऱ्यांत भंगारवालाच खरा ठरतो.

परंतु 5,000 रुपये देऊन एखाद्या जाणत्या कारागिराकडून गाडी उचलून आधी तपासून घेतली तर चित्र पालटते. चासी चांगली निघाली तर दुरुस्ती करावी, वाईट निघाली तर भंगारात द्यावी. आता सरासरी प्राप्ती 75,000 व 18,000 मिळून 93,000 रुपये, आणि तपासणीचा खर्च वजा जाता 88,000 रुपये. गाडीत एका खिळ्याचीही भर न पडता तिचे मोल 36,000 वरून 88,000 वर गेले. वाढले ते केवळ आपले ज्ञान.

सुटे भाग विकणे हाही एक मार्ग आहे, आणि हौशी मंडळी त्यास नाके मुरडतात तरी तो अनेकदा सर्वांत शहाणपणाचा असतो. चासी गेलेल्या गाडीची गिअरपेटी, आस, काचेची चौकट, मूळचे दिवे आणि डॅशबोर्डावरील घड्याळे दुसऱ्या एखाद्या निरोगी गाडीस पूर्ण करतात. पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात अशा भागांची उलाढाल दीर्घकाळ चालत आली आहे. मात्र विकण्यापूर्वी नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी आणि चासीवरील क्रमांकाचा तुकडा कोणाच्या हाती जातो यावर लक्ष ठेवावे. तो क्रमांक दुसऱ्याच एखाद्या गाडीवर अवतरला तर चौकशी जुन्या मालकाच्या दारी येते.