अंगठा झिजलाय की वायर?

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या आखाडा बाळापुरात एका सेवा केंद्रात पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी रांगेत बसलो होतो. माझ्या पुढच्या शेतकऱ्याने चार वेळा अंगठा ठेवला, चारही वेळा नापास. "मामा, हळद काढून काढून अंगठा झिजलाय तुमचा. रात्री तेल लावा अन् उद्या या," केंद्रावरच्या पोराने सांगितलं. मामा ओशाळले, अंगठा धोतराला पुसत बसले.

मला मात्र वेगळंच ऐकू येत होतं. मामांनी काचेवर बोट टेकवलं की स्पीकरमधून 'टुडुंग' असा उतरता आवाज यायचा आणि दोनेक सेकंदांनी तोच आवाज चढता. विंडोजमध्ये उतरता आवाज म्हणजे यूएसबीवरचं यंत्र तुटलं, चढता म्हणजे परत जोडलं गेलं. म्हणजे मामांचा अंगठा वाचायला यंत्र जागेवरच नव्हतं.

शेतात राबणाऱ्या हातांच्या रेषा पुसट होतात, हे खरंच आहे. पण तेव्हा यंत्र ठसा घेतं, आधारकडे पाठवतं आणि ठसा जुळत नसल्याचं उत्तर येतं. आवाज न होता पडद्यावर 'डिव्हाइस नॉट रेडी' येत असेल, तर बहुधा यंत्रासोबत चालणारी आरडी सर्व्हिस बंद असते किंवा इंटरनेटअभावी अडकलेली असते. आणि टुडुंग-टुडुंग चाललं असेल तर प्रश्न विजेचा किंवा वायरीचा. तिन्हींवर उपाय वेगवेगळे, पण आपल्याकडे तिन्हींना एकच वाक्य: अंगठा लागत नाही.

आता त्या केंद्रावरची मांडणी. मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेला पुस्तकाएवढा छोटा पीसी, त्यातून निघालेली तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर टेबलाखालून गिऱ्हाइकापर्यंत आणलेली, आणि तिला अंगठ्याच्या यंत्राची स्वतःची दीड मीटरची वायर जोडलेली. "दिवा लागलाय ना, मग कनेक्शन बरोबर आहे," असं पोराचं म्हणणं होतं. हा यूएसबीबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेसाठी, पांढरी आणि हिरवी माहितीसाठी. दिवा लागला म्हणजे पहिल्या दोन तारांतून थोडीफार वीज पोचतेय, एवढंच. काही स्वस्त चार्जिंग वायरींत तर पांढरी-हिरवी तार घातलेलीच नसते. तिच्यावर मोबाइल मस्त चार्ज होतो आणि संगणकाला मात्र कधीच दिसत नाही.

दुसरा गैरसमज असा की वायरीची लांबी म्हणजे फक्त सोयीचा प्रश्न. इथे जरा हिशोब करू. स्वस्त यूएसबी वायरीतली विजेची तार बहुतेकदा 28 गेजची, म्हणजे केसासारखी बारीक असते. तिचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम. वीज लाल तारेतून जाते आणि काळीतून परत येते, म्हणून साडेचार मीटरच्या वायरीत तिचा प्रवास नऊ मीटरचा होतो आणि रोध जवळपास 1.9 ओहम. यंत्राने 300 मिलिअँपिअर ओढले, तर वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त दाब पडतो. पोर्टातून 5 व्होल्ट निघाले तरी यंत्राच्या तोंडाशी 4.4 उरतात, आणि यूएसबी 2.0 च्या हिशोबात ही काठावरची पातळी. त्यात ढिल्या, काळवंडलेल्या पिना आल्या की संपलंच. तीच वायर 24 गेजची जाड असती, तर घट पाव व्होल्टच्या आत राहिली असती. यूएसबीच्या मूळ नियमांत अशी साधी एक्स्टेन्शन वायर बसतच नाही. बाजारात ती ढिगाने मिळते, हा भाग वेगळा.

बोट टेकवल्यावरच यंत्र का तुटत होतं? कारण ठसा घेताना काचेखालचा दिवा पेटतो आणि यंत्र नेमकं त्या क्षणी जास्त वीज मागतं. रिकामं असताना ते शांत, काम सांगितलं की मान टाकतं. त्यामुळे संशय नेहमी समोरच्या माणसाच्या अंगठ्यावर जातो.

"पोर्ट कमी पडतात, हब लावा" हा सल्लाही असाच. हबने भोकं वाढतात, वीज वाढत नाही. यूएसबी 2.0 चा पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो. ज्या हबला वेगळा अ‍ॅडॅप्टर नाही, त्याने स्वतःसाठी 100 ठेवून उरलेले चार भोकांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला 100 येतात. त्यावर अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम आणि पेन ड्राइव्ह एकदम लावायचे आणि मग हबला शिव्या द्यायच्या. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्या, किंवा जास्त वीज खाणारं यंत्र थेट पीसीलाच लावा.

कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्या पोरांकडे रास्पबेरी पाय नावाचा एका बोर्डावरचा छोटा संगणक असतो, तिथे चार्जरची गंमत चालते. "65 वॅटचा आहे, भरपूर झाला!" पण ते 65 वॅट 20 व्होल्टला मिळतात. 5 व्होल्टला हा चार्जर सहसा 3 अँपिअरवर थांबतो. रास्पबेरी पाय 5 ला पूर्ण ताकदीसाठी 5 अँपिअर लागतात. ते नसतील तर बोर्ड आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून 600 मिलिअँपिअरवरच रोखतो, आणि बाहेरची हार्ड डिस्क टिकटिक करत बसते. या बोर्डाचं एक बरं आहे, तो तक्रार तरी करतो. दाब साधारण 4.63 व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेची खूण येते. पोरं ती खूण कशी लपवायची हे आधी शोधतात.

निळा पोर्ट म्हणजे भारी, असंही एक आहे. निळा रंग बहुतेकदा 2008 साली आलेल्या यूएसबी 3.0 ची खूण, पण जुन्या पद्धतीचं यंत्र त्यात लावून वेगवान होत नाही. उलट 2012 साली इंटेलनेच दाखवून दिलं की यूएसबी 3.0 च्या वायरी आणि पोर्ट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. बिनवायरी माउस त्याच पट्ट्यात बोलतो. हार्ड डिस्कवर कॉपी चालू असताना शेजारच्या पोर्टातला माउस अडखळत असेल, तर सेल बदलू नका, माउसचा डोंगल लांबच्या पोर्टात लावा.

आता "फॉरमॅट मारा, विंडोज नवीन टाका." आपल्याकडे हा सगळ्या रोगांवरचा काढा आहे. पडणारा दाब फॉरमॅटने वर येत नाही. तरी सॉफ्टवेअरचा दोष कधीच नसतो असंही म्हणता येणार नाही. सकाळच्या गर्दीत यंत्र धडाधड चालतं आणि जेवणानंतरच्या पहिल्याच गिऱ्हाइकाला दगा देतं? मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा. वीज वाचवायला संगणक रिकाम्या यंत्राला झोपवतो आणि काही यंत्रं धड उठत नाहीत.

आडत दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं प्रकरण याहून मजेचं. काट्याची जुनी सिरियल वायर एका छोट्या कन्व्हर्टरमधून यूएसबीला जोडलेली असते. स्वस्त कन्व्हर्टरमधल्या चिपला बऱ्याचदा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून विंडोज तिला ती कोणत्या पोर्टात बसलीय यावरून ओळखतो. झाडताना कोणी ती शेजारच्या भोकात खुपसली की काल 'कॉम 3' असलेला काटा आज 'कॉम 7' होतो. बिलाचं सॉफ्टवेअर बिचारं 3 वरच वाट बघत बसतं. काटा चांगला, वायर चांगली, पोर्टही चांगला. नकली चिपचा धोका निराळाच: 2014 च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने आपल्या नावाच्या नकली चिपांची ओळखच पुसून टाकली होती. आदल्या दिवशी चालणारे कन्व्हर्टर अपडेटनंतर दिसेनासे झाले.

अर्थिंगला आपण फ्रीज-मोटारीचं प्रकरण समजतो. छोट्या पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते लाडाचं लक्षण नव्हे. दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमधून झिरपणारी ही वीज अगदी थोडी असते, पण प्रिंटरची वायर खुपसताना दोन पत्र्यांमधला फरक यूएसबीच्याच तारेतून वाट काढतो. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मे महिन्यात कोळसा-मिठाच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतणं, हीसुद्धा संगणकाचीच दुरुस्ती आहे.

शोधायची रीत मात्र एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी यंत्र थेट पीसीला, मग दुसरी आखूड वायर, मग दुसरा पोर्ट, मग तेच यंत्र दुसऱ्या संगणकाला. पोर्टाला दोष द्यायची पाळी यानंतर. सगळं एकदम बदललं तर यंत्र चालतंही, पण कशाने चाललं ते कळत नाही आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

त्या दिवशी मी पोराला एवढंच म्हणालो, "एक्स्टेन्शन काढून बघतोस का?" यंत्राची वायर आखूड पडली, म्हणून मामांनाच टेबलाच्या आत बोलवावं लागलं. पहिल्यांदा ठसा नीट आला नाही, रेषा खरंच पुसट होत्या. पण या वेळी टुडुंग झालं नाही. दुसऱ्यांदा ठसा जुळला.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा छोटा पीसी मॉनिटरच्या पाठीवरून निघून गिऱ्हाइकाच्या बाजूला आला होता. मागच्या एका पोर्टाच्या वर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं होतं, 'थंब. काढू नये.'