मनोऱ्यातल्या बाईचा मंगळवार

सिसिंगहर्स्ट, केंट. 1950 नंतरच्या एखाद्या उन्हाळ्यातला कामाचा दिवस. घड्याळाच्या वेळा मी अंदाजाने लावल्या आहेत. जागा, माणसं, कामं लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टचीच.

सकाळी 8. झोपायची खोली साउथ कॉटेजमध्ये, न्याहारी प्रीस्ट्स हाउसमध्ये. मधली बाग पावसातही ओलांडायची. 1930 मध्ये ही पडझड झालेली वास्तू घेतली, तेव्हा पाहुण्यांसाठी खोली मुद्दामच ठेवली नाही.

9. टपाल. हॅरल्ड निकल्सन, तिचा नवरा, लंडनला, शुक्रवारी येईल. दूर असले की दोघं एकमेकांना जवळजवळ रोज लिहीत. तिची प्रेमं बायकांवर जडली, त्याची पुरुषांवर. दोघांनाही ते ठाऊक होतं, तरी 1913 चं लग्न शेवटपर्यंत टिकलं. मला वाटतं, ते या पत्रांनीच तोलून धरलं.

10. ब्रीचेस, लेसने बांधायचे उंच बूट, गळ्यात मोती. बागेच्या रेषा हॅरल्डने आखल्या, त्यांत झाडं व्हिटाने भरली.

दुपारी 2. शिलिंग मोजून बाग बघायला आलेली माणसं. 1938 पासून दार उघडं आहे.

4. ‘ऑब्झर्व्हर’चं बागकामाचं सदर. इथल्या पांढऱ्या बागेची कल्पना तिने वाचकांपुढे या सदरातच मांडली.

रात्री 9. मनोरा. पोटच्या मुलांनीही इथे क्वचितच पाय ठेवला. टेबलावर हॅरल्ड आणि लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, तिची एकेकाळची प्रेयसी, यांचे फोटो. 1928 मध्ये व्हिटाचे वडील गेले आणि ती एकुलती एक असूनही, केवळ मुलगी म्हणून, नोल हे जन्मघर काकांकडे गेलं. हा घाव कधी भरलाच नाही. त्याच वर्षी व्हर्जिनियाने ‘ऑर्लँडो’ ही कादंबरी लिहून नोल तिच्या नावावर केलं. कुठल्याही कायद्याने दिलं नसतं असं दान. त्याच्या कितीतरी आधी व्हिटा प्रेयसी व्हायोलेट ट्रेफ्युसिसबरोबर फ्रान्सला पळाली होती; 1920 मध्ये आमियाँला दोघींचे नवरे विमानाने येऊन ठेपले. त्या सगळ्याची कबुली तिने त्याच वर्षी लिहायला घेतली होती. ती वही याच मनोऱ्यात, कुलूपबंद चामडी बॅगेत.

1962 मध्ये व्हिटा गेल्यावर धाकट्या मुलाने, नायजेलने, कुलपाभोवतीचं चामडं कापून ती वही बाहेर काढली. 1973 मध्ये ‘पोर्ट्रेट ऑफ अ मॅरेज’ म्हणून छापताना आईच्या मजकुराबरोबर आलटून-पालटून त्याने स्वतःची प्रकरणं घातली, आणि वडिलांचीही बाजू त्यात आली. मुलाने केलेला हा न्याय मला फार मोलाचा वाटतो.