घरगुती तिपाईनें एंजिन उचलतांना घ्यावयाची काळजी

पंपाचें अथवा गुऱ्हाळाचें डिझेल एंजिन दुरुस्तीसाठीं पायावरून काढावयाचें झाल्यास पुष्कळ शेतकरी बंधु लोखंडी नळ्यांची तिपाई करवून घेतात व तिला साखळीची कप्पी अडकवून काम घरींच उरकतात. यांत पैका वांचतो हें खरें. परंतु भार टांगलेला असतां तिपाई ढांसळल्यास खालीं सांपडलेल्या मनुष्याची धडगत नसते. म्हणून चार गोष्टी सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिली गोष्ट पायांच्या पसाऱ्याची. एंजिन ३०० किलोचें धरूं. तिपाईचा प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असल्यास तो सुमारें ५८ किलो जोरानें बाहेर सरकूं पाहतो. ४५ अंश कलल्यास हाच जोर १०० किलो होतो. गुळगुळीत कोब्यावर असा पाय हां हां म्हणतां घसरतो. यास्तव तिन्ही पाय तळाशीं एकमेकांस साखळीनें जखडावे, व जमीन मऊ असल्यास खालीं जाड फळ्या द्याव्या.

एंजिनास बांधावयाच्या साखळीसही हाच न्याय लागू आहे. तिचे दोन पदर जवळजवळ उभे असल्यास प्रत्येकावर सुमारें १५० किलो भार येतो. तेच पसरून आडव्या रेषेशीं ३० अंशांचा कोन करूं लागले, म्हणजे प्रत्येकावर पुरते ३०० किलो येतात. सबब साखळी आंखूड नसावी. काथ्याचा दोर किंवा तोंड फाकलेला आंकडा मुळींच वापरूं नये.

उचलण्यापूर्वीं पायाचे सर्व नट निघाले कीं नाहींत, हें हातानें चांचपून पाहावें. एकही राहिल्यास कप्पी एंजिनाबरोबर पायाच उपटूं लागते व भारास मर्यादा राहत नाहीं. कप्पी एंजिनाच्या बरोबर वर असावी. ओढ तिरपी पडल्यास तिपाई कलंडते. प्रथम बोटभर उचलून थांबावें, सांधे व पाय निरखावे, मगच पुढें जावें. भार टांगलेला असतां तिपाई ओढूं नये. ठेलाच खालीं आणावा. ओंडके सरकवावयाचे ते काठीनें, हातानें नव्हे. आणि एंजिन त्यांवर पक्कें टेकल्यावांचून दुरुस्तीस हात घालूं नये.

उभा ऊस दोन दिवस थांबेल. चिरडलेला हात पुन्हां यावयाचा नाहीं, हें हंगामाच्या घाईंत आमच्या वाचकांनीं अवश्य स्मरावें.